काकांचा स्कॅनर: आधी ऐकलं, मग घेतला

एका रविवारी दुपारी शेजारच्या काकांनी मला बोलावलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर युनिडेन कंपनीचा एसडीएस१०० होता: स्कॅनर, म्हणजे एकामागून एक वारंवारता चाळत चालू असलेलं बोलणं पकडणारा रेडिओ. पत्ता भरून झाला होता, पैसे तेवढे भरायचे बाकी होते. "शेवटचं बटण तू दाब," काका म्हणाले, "म्हणजे पुढेमागे मला तुझ्या नावाने खडे फोडता येतील."

मी विचारलं, "काका, ऐकायचंय काय तुम्हाला?"

काका निवृत्त यांत्रिक अभियंता, त्यामुळे वही तयारच होती. वहीत चार ओळी: डोक्यावरून जाणारी विमानं, बंदरातली जहाजं, अग्निशमन दल आणि आमच्यासारखे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. मग हाच सेट का? "अरे, सगळ्यात महाग आहे. म्हणजे सगळं पकडत असणार."

या वाक्यापायी पुढचे तीन आठवडे गेले. हाती धरायचा स्कॅनर घेताना बहुतेक जण इथेच अडखळतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. सेट आणि माणूस दोन्ही चांगले होते. दोघांची गाठ मात्र चुकीची पडत होती.

"डिजिटल" म्हणजे नेमकं कुठलं?

एसडीएस१०० हे दमदार यंत्र आहे, यात वाद नाही. पी२५ नावाच्या डिजिटल पद्धतीवर चालणाऱ्या ट्रंकिंग यंत्रणा ऐकण्यासाठी तो बनवलाय. ट्रंकिंगमध्ये कुठल्याही खात्याला स्वतःची कायमची वारंवारता नसते. मूठभर चॅनल सगळ्यांच्या सामाईक मालकीचे असतात आणि कुणी बोलायला बटण दाबलं की एक कंट्रोल चॅनल सांगतो, "तुम्ही आत्ता या चॅनलवर जा." साधा स्कॅनर तिथे संवादाचे तुकडे वेचत बसतो. ट्रंकिंग कळणारा स्कॅनर कंट्रोल चॅनलचा हुकूम वाचून त्याच गटामागे धावतो. एकच सिग्नल अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी सोडला जातो, तेव्हा जुन्या डिजिटल स्कॅनरांची जी तारांबळ उडते, तीही या सेटमध्ये बरीच कमी होते.

पण डिजिटल ही काही एक भाषा नव्हे. पी२५, डीएमआर, एनएक्सडीएन, टेट्रा, डी-स्टार या सगळ्या एकमेकींना न कळणाऱ्या भाषा. एसडीएस१०० पी२५ मुळातच जाणतो, डीएमआर आणि एनएक्सडीएन वेगळे पैसे भरून शिकतो, आणि टेट्रा त्याला येतच नाही. काकांच्या परिसरात कोण कुठली भाषा बोलतं, हे काकांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, खरं सांगायचं तर. मी घरी बसून हॅम पट्ट्याच ऐकतो.

म्हणून मी लॅपटॉप बंद केला. आधी ऐकू, मग घेऊ.

त्याआधी एक कंटाळवाणं काम

कायदा. काकांना वाटत होतं, ऐकण्यात कसला गुन्हा? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत १७ वं कलम खास गुप्ततेसाठी आहे. जे प्रसारण सर्वसामान्यांसाठी नाही, ते परवानगीशिवाय ऐकणं आणि त्यातला मजकूर बाहेर सांगणं याला सदस्य देशांनी आळा घालावा, असं ते सांगतं. प्रत्येक देश ते आपापल्या परीने राबवतो. कुठे ऐकायला बऱ्यापैकी मोकळीक, कुठे हॅम आणि सार्वजनिक प्रसारणापुरतीच परवानगी, तर कुठे असा सेट जवळ बाळगायलाही परवाना. इंटरनेटवर कुणीतरी "चालतं हो" म्हणालं, यावर विसंबून चालत नाही. काकांनी लेखी विचारणा केली, उत्तर वहीत चिकटवलं आणि मगच पुढचं पान उलटलं. त्या उत्तरानुसार अग्निशमन दल यादीतून तिथेच गळलं, पण काकांचा जीव त्यात अडकलेला होता. "निदान ते आहेत कुठे ते तरी बघू," म्हणाले. बघायला हरकत नव्हती, कारण नुसता सिग्नल दिसतो म्हणजे बोलणं ऐकू येतं असं नाही.

नऊ संध्याकाळी गच्चीवर

पाहणीसाठी माझ्याकडे आरटीएल-एसडीआर डोंगल होता. डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनलेली ही यूएसबी कांडी. तिच्यातली आरटीएल२८३२यू चिप कच्चा सिग्नल जसाच्या तसा संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास उघड झालं आणि हौशी लोकांना घबाड मिळालं. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ती फिरते आणि एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा पडद्यावर दाखवते. गच्चीवर माझा डिस्कोन, म्हणजे चहूबाजूंनी आणि रुंद पट्ट्यात ऐकणारा अँटेना, उभा केला, खाली लॅपटॉप, आणि शेजारी वही घेऊन काका.

वॉटरफॉल म्हणजे पडद्यावर वरून खाली सरकत जाणारा वारंवारतांचा पट. तो वाचायला काकांना दोन संध्याकाळी लागल्या, आणि मग ते माझ्या आधी ओरडायला लागले. विमानाचा सिग्नल ओळखणं सगळ्यात सोपं: मधोमध एक ठळक सरळ रेघ आणि बोलणं सुरू झालं की तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच पिसं फुटतात. हे एएम. विमानांची संभाषणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये आजही एएमवरच चालतात, कारण दोन वैमानिक एकदम बोलले तर एएममध्ये कर्कश शिट्टी ऐकू येते आणि नियंत्रकाला कळतं की कुणाचं तरी बोलणं दबलंय. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुबळ्याला गिळून टाकतो आणि त्याचा पत्ताही लागत नाही.

बंदरात साधा एफएम. १५६.८०० वर, म्हणजे १६ व्या चॅनलवर, हाक मारली जायची आणि मग दोघं दुसऱ्या चॅनलवर जायचे. इथे काका एका गोष्टीवर अडले: २० व्या चॅनलवर जहाज बोलताना ऐकू येतंय, उत्तर मात्र येत नाही. तो दुहेरी चॅनल. जहाज १५७.००० वर बोलतं आणि किनारा ४.६ मेगाहर्ट्झ वर सरकून १६१.६०० वर उत्तर देतो. वहीत दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले गेले, मध्ये बाण.

हॅम मंडळींचा एक रिपीटर, म्हणजे दुबळा सिग्नल घेऊन तो जोरात पुढे सोडणारं केंद्र, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या एफएमवर सापडला, तर दुसरा ४३० च्या पट्टीत, डीएमआरचा. डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर दोन संभाषणं ३०-३० मिलिसेकंदांचे वाटे करून आळीपाळीने जातात. साध्या रिसीव्हरवर ते शिवणयंत्र भरधाव सुटल्यासारखं वाजतं.

आणि अग्निशमन दल? ३९० मेगाहर्ट्झच्या जवळपास २५ किलोहर्ट्झ रुंदीचे, सपाट माथ्याचे, रात्रंदिवस न हलणारे ठोकळे दिसले. टेट्रा. शिवाय एन्क्रिप्शन चालू, म्हणजे बोलणं सांकेतिक करून कुलूपबंद केलेलं. एन्क्रिप्शन असेल तर बाजारातला कुठलाही स्कॅनर उपयोगाचा नाही, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. काका बराच वेळ त्या ठोकळ्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे ज्याच्यासाठी मी तो महागाचा सेट घेत होतो, ते एक तर कायद्यात बसत नाही, सेटला त्याची भाषा येत नाही, आणि आली असती तरी कुलूप आहे." मी काही बोललो नाही.

आणखी एक कोडं होतं. विमानं खणखणीत ऐकू यायची, पण वीस किलोमीटरवरच्या विमानतळाचा मनोरा मुका. काकांना वाटलं, सेट जास्त संवेदनशील हवा. मी वहीत एक सूत्र लिहून दिलं: दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, दोघांची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. म्हणजे रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. आमची गच्ची २० मीटर आणि विमान १०,००० मीटरवर, तर उत्तर येतं सुमारे ४३० किलोमीटर. मनोऱ्यावरचा अँटेना २५ मीटर धरला तर ३९. कागदावर मनोरा आवाक्यात आहे, पण मध्ये टेकडी आहे आणि सूत्राला टेकडी दिसत नाही. कुठलाही स्कॅनर टेकडी हलवत नाही, तेव्हा त्या कारणासाठी एक पैसाही जास्त मोजायचा नाही, असं वहीत अधोरेखित झालं.

हातात धरून बघणं

आता यादी उरली ती अशी: एएममधली विमानं, एफएममधलं बंदर, एफएममधला एक रिपीटर. डीएमआर बाजूला ठेवला. थोडक्यात, साधा अ‍ॅनालॉग स्कॅनर पुरेसा.

काकांच्या भाचीने मध्येच सुचवलं की स्वस्तातला वॉकीटॉकी हँडसेट घ्या, त्यातही स्कॅन असतो. असतो, पण सेकंदाला जेमतेम तीन-चार चॅनल चाळतो. बऱ्याच हँडसेटांत विमानांचं एएम नसतंच. आणि मुख्य म्हणजे त्याच्या बाजूला बोलायचं बटण असतं. खिशात दाबलं गेलं तर तुम्ही नको त्या वारंवारतेवर प्रसारण करत असता. ऐकणाऱ्याच्या हाती फक्त ऐकणारं यंत्र असावं, या बाबतीत मी हट्टी आहे.

उरले दोन. एक माझा आवडता, आयकॉमचा आयसी-आर६: ०.१ ते जवळजवळ १३१० मेगाहर्ट्झ, १३०० मेमरी, मुठीत मावणारा. दुसरा युनिडेनचा बीसी१२५एटी: ५०० चॅनल, प्रत्येकी ५० च्या दहा बँका, २५ ते ५४, १०८ ते १७४, २२५ ते ३८० आणि ४०० ते ५१२ मेगाहर्ट्झ. मी मनातल्या मनात आर६ वर शिक्का मारून टाकला होता. लघुलहरीसुद्धा येतात, आणखी काय हवं? माझाच सेट आठवडाभर काकांना देऊन ठेवला.

तिसऱ्या दिवशी फोन. "अरे, १२१.५ लावायचंय. आकडे कुठायत?"

आर६ वर आकड्यांच्या कळाच नाहीत. वरची चकती फिरवायची, फंक्शनची कळ दाबून धरून मेगाहर्ट्झच्या उड्या मारायच्या. मला इतक्या वर्षांत त्याचं काही वाटलेलं नाही, बोटांना सवय झालीय. काकांचं वय सत्तरीचं, चष्मा जाड, आणि त्यांचा सगळा आनंद वहीतला आकडा बघून तो यंत्रात भरण्यात. आठवडाभरात त्यांनी आर६ वर जे ऐकलं ते मी आधी भरून दिलेलंच. तांत्रिक तक्ता घेऊन बसलो असतो तर ही गोष्ट कधीच कळली नसती, कारण तक्त्यात "आकड्यांच्या कळा" असा रकाना मी केलाच नव्हता.

बीसी१२५एटी ला आकड्यांच्या कळा आहेत, प्रत्येक चॅनलला नाव देता येतं, दोन पेन्सिल सेलवर चालतो, आणि काकांच्या यादीतली प्रत्येक वारंवारता त्याच्या पट्ट्यांत बसते. २२५ च्या खालची आणि ३८० ते ४०० मधली दरी आम्हाला नडत नव्हती. अग्निशमन दल गळल्यावर त्या दरीत काकांचं काहीच उरलं नव्हतं. तोच घेतला. वाचलेल्या पैशांतून गच्चीवर स्वतःचा डिस्कोन.

आणि मग विमानांत गाणी

इथवर सगळं शिस्तीत. डिस्कोन बसवला त्या संध्याकाळी काकांचा फोन: "वैमानिक गाणी ऐकतायत."

जाऊन बघितलं. ११९.३ वर स्कॅनर थांबलेला आणि आतून चिरडल्यासारखं, तडतडणारं गाणं. सोबतच्या रबरी अँटेनावर हे होत नव्हतं. नवा, उंच, महागाचा अँटेना लावला आणि ऐकणं बिघडलं, म्हणून काकांना अँटेनाच सदोष वाटला. परत पाठवायचं खोकंही शोधायला लागले.

दोष अँटेनाचा नव्हता. उलट तो काम जरा जास्तच चोख करत होता. विमानांच्या पट्ट्याला खेटून खाली, १०८ मेगाहर्ट्झपर्यंत, एफएम आकाशवाणीचा पट्टा आहे, आणि आमच्या गच्चीवरून एक प्रसारण मनोरा उघड्या डोळ्यांनी दिसतो. तिथले दोन दणदणीत सिग्नल स्कॅनरच्या पहिल्याच टप्प्यात घुसले की त्यांच्या भेसळीतून हवेत नसलेली तिसरी वारंवारता जन्माला येते. एकाची दुप्पट, वजा दुसरा. १०६.४ ची दुप्पट २१२.८, त्यातून ९३.५ गेले की उरतात ११९.३. काकांनी हे वहीत दोनदा मांडलं आणि मग जोरात हसले.

हे खात्रीने ओळखायची एक युक्ती आहे. अँटेना आणि सेटच्या मध्ये १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मुद्दाम दुबळा करणारा तुकडा, लावायचा. खरा सिग्नल १० डेसिबलने उतरतो, ही भेसळ मात्र ३० ने. आम्ही लावला: विमानाचा आवाज किंचित खरखरला आणि गाणं पार गायब झालं. भूतच होतं ते.

मग नऊ संध्याकाळी गच्चीवर हे दिसलं का नाही? इथे चूक माझी. माझ्या डोंगलच्या वायरीत एफएम पट्टा अडवणारा फिल्टर कायमचा जोडलेला आहे, काही वर्षांपूर्वी अशाच त्रासापायी लावलेला, आणि मी तो साफ विसरून गेलो होतो. पाहणी केली ती फिल्टरसकट, आणि सेट लावला तो फिल्टरशिवाय. ८८ ते १०८ अडवणारा तसाच छोटा फिल्टर काकांच्या वायरीत जोडला आणि ११९.३ शांत झालं. असा फिल्टर १०८ च्या जरा वरचंही थोडं खातो, पण तिथे दिशादर्शक यंत्रणा असतात. बोलणं ११८ पासून पुढे, त्यामुळे आमचं काही बिघडलं नाही.

वायरीबद्दल जाता जाता. काकांकडे टीव्हीची ७५ ओहमची केबल उरलेली होती आणि ५० ओहमच्या सेटला ती चालेल का, यावर त्यांची झोप उडाली होती. ऐकण्यापुरती खुशाल चालते. जोडावर फक्त चार टक्के शक्ती परत फिरते, कानाला कळतसुद्धा नाही. टोकांना बीएनसी जातीचे कनेक्टर नीट बसवा म्हणजे झालं.

भरणं आणि वगळणं

पहिल्या बँकेत विमानं, दुसरीत बंदर, तिसरीत रिपीटर. पहिल्याच दिवशी स्कॅनर दोन प्रकारच्या ठिकाणी रुतून बसला. एक होतं दुसऱ्या एका विमानतळाच्या हवामानाचं ध्वनिमुद्रित निवेदन. ते अखंड चालू असतं, त्यामुळे स्कॅनर तिथून हलायलाच तयार नाही. दुसरं, १६१.९७५ आणि १६२.०२५: जहाजांच्या स्वयंचलित ओळख यंत्रणेचे डेटाचे फटकारे. ७० वा चॅनलही तसाच, तिथे माणूस बोलतच नाही. चारही ठिकाणं लॉकआउटमध्ये, म्हणजे स्कॅनरने वगळायच्या यादीत, टाकली. प्रत्येक चॅनलला दोन सेकंदांचा विलंब दिला, म्हणजे प्रश्न ऐकून स्कॅनर पुढे पळत नाही, उत्तरासाठी थांबतो. प्रायॉरिटीची, म्हणजे निवडलेल्या चॅनलवर मधूनमधून डोकावून येण्याची सोय काकांनी हौसेने चालू केली आणि तासाभरात बंद केली. दर दोन सेकंदांनी संभाषणात खड्डा पडतो.

दोनेक महिन्यांनी मी आढावा घ्यायला गेलो. डीएमआरचा रिपीटर ऐकता येत नाही, ही एक खंत काकांना आहे. माझ्या ओळखीची निम्मी मंडळी तिकडेच गप्पा मारतात, तेव्हा मी यादीतून तो जरा घाईने खोडला, हे मला मान्य आहे. त्यासाठी त्यांनी आता स्वतःचा डोंगल घेतलाय आणि लॅपटॉपवर सॉफ्टवेअरने उकल करून बघतायत. बाकी वहीची चाळीस पानं भरलीयत. १४५.८०० वर एकदा आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातला आवाज सापडला, दहा मिनिटांत क्षितिजापार गेला. त्या पानावर तारखेला लाल चौकट आहे.

फिरायला जाताना काका रबरी अँटेनाऐवजी दुर्बिणीसारखा उघडणारा अँटेना नेतात. लांबीचं गणित त्यांना एकदाच सांगितलं होतं: ७१ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. मी गेलो तेव्हा ते त्या अँटेनावर भाचीच्या नेलपॉलिशने खुणा करत होते. विमानांसाठी ५७ सेंटिमीटरवर लाल, हॅमसाठी ४९ वर निळी, बंदरासाठी ४५ वर हिरवी. निळी जरा ओघळली होती, ती कापसाने पुसून त्यांनी पुन्हा केली.